उत्तराची वाट पाहणारं कुणीतरी हवं



हे व्याख्यान डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांच्या स्मरणार्थ आहे. कलबागांना जवळून ओळखणारी माणसं इथे बसली आहेत, तेव्हा त्यांचं चरित्र मी लांबवणार नाही. पण विद्यार्थीही बरेच दिसताहेत, म्हणून चार गोष्टी सांगते. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतलं काम आणि त्यानंतर मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जबाबदारी. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ साली पत्नी मीराताईंसह शिरूर तालुक्यातल्या पाबळला येऊन 'विज्ञान आश्रम' सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या संस्थेचं ते केंद्र. जे. पी. हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा, ही शिफारस त्याच आयोगाची. ती पुढे वेळापत्रकातल्या एका तासापुरती उरली. पाबळला ती अक्षरशः जमिनीवर उतरली.

पाबळ हे तेव्हा कोरडवाहू गाव. पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावर, पावसाच्या बाबतीत कमनशिबी. मुलं शाळेत यायची, दहावीला इंग्रजी-गणितात अडकायची आणि पुन्हा रानात किंवा भोसरीच्या कारखान्यांच्या दारात जायची. कलबागांनी या मुलांकडे 'नापास' म्हणून पाहिलं नाही. गावाला ज्या अडचणी आहेत, त्याच अडचणी या मुलांचा अभ्यासक्रम का होऊ नयेत, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. अडचण म्हणजे गावच्या विहिरीला पाणी नाही, गोठ्यातली गाय आटली, छपराचा पत्रा वाऱ्याने उडाला, घरातल्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे. यातली एकही अडचण 'मी भौतिकशास्त्राची' किंवा 'मी जीवशास्त्राची' असं सांगत येत नाही.

त्यांनी कामाचे चार विभाग केले: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस, आणि शाळा सुटलेल्यांना वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम. चारही विभाग सगळ्यांना सक्तीचे. मुली वेल्डिंग करणार, मुलगे स्वयंपाक करणार आणि हिमोग्लोबिन तपासणार. शालेय अभ्यासक्रमाला राज्याच्या माध्यमिक मंडळाची मान्यता मिळाली आणि 'आयबीटी' या नावाने तो राज्यातल्या अनेक शाळांत गेला. केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे आणि गावाने त्याचे पैसे मोजले पाहिजेत, ही अट मात्र कलबागांनी सुरुवातीपासून घातली होती. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा या अटीतच आहे.

त्यासाठी एकच काम जरा जवळून दाखवते. मी ते मुलांबरोबर रानात उभं राहून पाहिलेलं आहे.

एका शेतकऱ्याला बोअर घ्यायची आहे. गाडीवाला फुटामागे पैसे घेतो, पाणी लागो वा न लागो. दोनशे फूट खाली जाऊन नुसता काळा कातळ निघाला, तर वर्षाची कमाई त्या भोकात गेली. गावात पाणाड्या असतो. तो नारळ तळहातावर धरून किंवा दुबेळकी फांदी घेऊन चालतो आणि एका जागी थांबतो. शेतकरी तिथे दगड ठेवतो. विज्ञान आश्रमातली मुलं जमिनीची विद्युत रोधकता मोजायची, आणि मोजणारं मीटरही आश्रमातच जुळवलेलं असायचं.

पद्धत अशी. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा, आतल्या दोन सळयांमधलं विभवांतर मोजायचं. मग अंतर वाढवायचं. अंतर जितकं जास्त, तितका प्रवाह खोलवर जाऊन परततो, म्हणजे खोलवरच्या थरांची बातमी मिळते. सळयांमधलं अंतर वीस मीटर केलं की पहिल्या सळईपासून शेवटच्या सळईपर्यंत साठ मीटर होतात. तेवढ्या रानात टेप सरळ धरणं, बांध आडवा आला तर दिशा बदलणं, शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून तार नेताना त्याची परवानगी काढणं, इथूनच शिक्षण सुरू होतं.

समजा, अंतर दहा मीटर आहे, प्रवाह शंभर मिलिअँपिअर आणि विभवांतर पन्नास मिलिव्होल्ट. विभवांतराला प्रवाहाने भागलं की रोध आला अर्धा ओहम. हे शाळेच्या पुस्तकातलं आहे, कुणालाही येतं. पण रोधकता काढायची तर त्याला अंतराने गुणायचं, आणि शिवाय दोन पायने. उत्तर येतं ३१.४ ओहम-मीटर. आता अंतर वीस मीटर केलं आणि मीटरवर आकडे तेच आले, तर पोरं म्हणतात, काही बदललं नाही, खाली सगळं सारखंच आहे. गणित केल्यावर उत्तर ६२.८ येतं. म्हणजे खाली खडक घट्ट होत चालला आहे. मीटर तेच सांगतंय आणि जमीन वेगळं सांगतेय, हे मुलाला जेव्हा उमगतं तेव्हाचा त्याचा चेहरा शिक्षकाने एकदा तरी पाहावा.

पुढचा प्रश्न मग मूलच विचारतं: यात पाय कुठून आला? आपण वर्तुळ काढलंच नव्हतं! हा प्रश्न मी वर्गात कितीही रंगवून सांगितला असता तरी कुणी विचारला नसता. इथे उत्तर द्यायला जागा आहे. सळईच्या टोकातून निघालेला प्रवाह वर हवेत जाऊ शकत नाही, तो खाली आणि चहूबाजूंना अर्ध्या गोलासारखा पसरतो. गोलाचं पृष्ठफळ चार पाय आर वर्ग, अर्ध्याचं दोन पाय आर वर्ग. महत्त्वमापनाच्या धड्यातलं जे सूत्र परीक्षेपुरतं पाठ झालं होतं, ते पाबळच्या मुरमाखाली सापडतं.

आणि तिथेही थांबता येत नाही. तीस ओहम-मीटर म्हणजे पाणी, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. आपल्याकडे जमिनीखाली लाव्हाचे थर आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कुठे मुरूम, कुठे सच्छिद्र मांजऱ्या, कुठे भेगाळलेला आणि कुठे एकसंध काळा कातळ. भेगांमध्ये पाणी भरलेलं असेल तर रोधकता साधारणपणे वीस ते चाळीसच्या आसपास येते. एकसंध कातळात ती सत्तरच्या वर, पुष्कळदा शेकड्यांत जाते. पण चिकणमातीची रोधकतासुद्धा कमीच असते, आणि चिकणमाती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. म्हणजे कमी आकडा हा पाण्याचा पुरावा नव्हे, ती नुसती शक्यता आहे. मग शेजारच्या विहिरीत उतरून थर बघायचे, आसपासच्या जुन्या बोअरवेलींच्या मालकांना विचारायचं की किती फुटांवर काय लागलं होतं. इथे भौतिकशास्त्र संपलं आणि भूगर्भशास्त्र सुरू झालं, हे सांगायला मधे घंटा वाजत नाही.

मोजमाप चुकतंही. कोरड्या उन्हाळी जमिनीत सळईला धड संपर्क मिळत नाही, म्हणून बुडाशी तांब्याभर पाणी ओतावं लागतं. बाजूने तारेचं कुंपण किंवा लोखंडी पाइपलाइन गेली असेल तर आकडे बिघडतात. प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा मोजलं तर थोडं वेगळं उत्तर येतं, कारण जमिनीत स्वतःचंही किंचित विभवांतर असतं, आणि मग दोन्हींची सरासरी घ्यावी लागते. प्रयोगशाळेत विद्यार्थी एकच वाचन घेतो आणि बाकीची मित्राच्या वहीतून उतरवतो, हे आपण सगळे जाणतो. रानात तो तिसऱ्यांदा वाचन का घेतो? कारण बांधावर शेतकरी बसलेला आहे. त्याने गाडीवाल्याला अजून होकार दिलेला नाही. तो उत्तराची वाट पाहतोय.

मंडळी, मला आज एवढंच ठामपणे सांगायचं आहे. समस्येवर आधारित शिक्षण, आंतरविद्याशाखीय शिक्षण हे शब्द नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतात. ते चांगलेच आहेत. पण समस्या खरी आहे की नाही याची एकच कसोटी मला भरवशाची वाटते: उत्तराची वाट पाहणारं, आणि उत्तर चुकलं तर ज्याचं नुकसान होईल असं कुणीतरी समोर आहे का? ते असेल तर काळजीपूर्वक मोजणं, नोंद ठेवणं, शंका घेणं, अंदाज आणि पुरावा वेगळे ठेवणं ही कौशल्यं मूल आपणहून धरतं. ते नसेल तर प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, आणि आईवडील तो विकत आणतात. त्यात मुलांचा दोष नाही. ज्या कामाची कुणालाच गरज नाही ते काम मुलाने मन लावून करावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पाणाड्याचंही सांगते. पाबळसारख्या गावात जाऊन 'हे थोतांड आहे' असं म्हणणं सोपं आहे. मुलांनी करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: गावातल्या पाणाड्यांनी दाखवलेल्या जागांची वही घालायची. तारीख, जागा, किती फूट, पाणी लागलं का, किती दिवस टिकलं. शेजारी मीटरने काढलेल्या जागांची तशीच नोंद. आणि तिसऱ्या रकान्यात, कुणालाच न विचारता खोदलेल्या बोअरची. हा तिसरा रकाना सुचणं म्हणजे विज्ञान येणं, असं मला वाटतं. भरपूर भूजल असलेल्या भागात कुठेही खोदलं तरी पाणी लागतं आणि श्रेय पाणाड्याला जातं. हे ज्याला नोंदीवरून कळलं, त्याला पुढे औषधांच्या चाचण्यांत तुलनेचा गट का ठेवतात, ते समजावून सांगावं लागत नाही.

आता एक आक्षेप. तो गंभीर आहे, म्हणून त्याला वेळ देते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून रुग्णांच्या समस्यांवरून शिकवायला सुरुवात केली आणि ही पद्धत जगभर पसरली. पण २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा संशोधकांनी लिहिलेला एक निबंध बराच गाजला. नवशिक्या मुलाला फारसं मार्गदर्शन न करता समस्येत सोडून दिलं तर त्याच्या कार्यस्मृतीवर ताण येतो आणि तो कमी शिकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. माझ्या अनुभवात तो बराचसा खरा आहे. मुलांना रानात नेलं, सळया ठोकल्या, आकडे घेतले, वहीत लिहिले आणि घरी आलो, तर हाती काय लागतं? हाताला एक सवय लागते आणि दिवस मजेत जातो. पाय कुठून आला या प्रश्नाला त्याच आठवड्यात फळ्यावर उत्तर मिळालं नाही, तर त्या प्रश्नाचा जीव जातो.

म्हणून आंतरविद्याशाखीय म्हणजे विषय पातळ करणं, हे मला मान्य नाही. उलट अशा शिकवण्याला विषय पक्का येणारा शिक्षक जास्त लागतो. समस्या मुलाला विषयाच्या दाराशी आणून सोडते. दार उघडून आत नेण्याचं काम शिक्षकाचं, आणि आत गेल्यावर ओहमचा नियम ओहमच्याच शिस्तीने शिकावा लागतो, उदाहरणं सोडवावी लागतात, चुकलेली पुन्हा सोडवावी लागतात. त्याला फाटा देता येत नाही. कार्यानुभवाच्या नावाखाली मेणबत्त्या आणि खडू करून घेतले आणि त्यामागचं रसायनशास्त्र कुणी विचारलं नाही, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं झालं. ते पुन्हा नव्या नावाने होऊ नये.

आणखी एक गोष्ट पुण्यात बोलायलाच हवी. हाताने काम करणाऱ्याला ज्ञान नको आणि ज्ञान असणाऱ्याला काम नको, ही वाटणी आपल्या समाजाने फार जुन्या काळी करून ठेवली. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला याच शहरातून निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षणात वाचन-लेखन-हिशेबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान असावं, अशी मागणी आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली. १९८३ साली कलबाग पाबळला गेले. या तिघांच्या भूमिका वेगळ्या, माणसं वेगळी, पण शाळेत उत्पादक कामाला मान मिळत नाही तोवर कष्टकऱ्याचं मूल शाळेत परकंच राहतं, हे तिघांनाही दिसलं होतं. पाबळच्या पद्धतीकडे 'दहावी नापास मुलांची सोय' म्हणून पाहण्याची शहरी सवय मला म्हणूनच टोचते. अमेरिकेतल्या एमआयटीने संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची 'फॅब लॅब' आपल्या आवाराबाहेर न्यायची ठरवली, तेव्हा २००२ साली पहिली प्रयोगशाळा पाबळला आली. कारण सोडवण्याजोग्या समस्या आणि त्या सोडवायला सरावलेले हात तिथे होते.

शहरातले शिक्षक मला विचारतात, बाई, आमच्याकडे ना रान, ना विहीर. आम्ही काय मोजायचं?

जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार एरवी क्वचित दिसतो. संशयित रुग्णांची संख्या बघता बघता दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, आणि लोकांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं. ही २०१७ आणि २०२१ साली पालिकेत आलेली गावं. कुठे विहिरीचं पाणी, कुठे टँकर, कुठे खासगी फिल्टरचे जार. त्या आठवड्यांत त्या भागातल्या प्रत्येक शाळेत मुलांच्या तोंडी तोच विषय होता. आणि वर्गात आपण काय शिकवत होतो? पुस्तकात त्या आठवड्याला जे होतं ते.

पाण्यात उरलेला क्लोरीन मोजणं फार साधं आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो आणि ओटी टेस्ट घेतो. नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. शाळेत मात्र डीपीडीच्या गोळ्या वापराव्यात. त्यांनी गुलाबी रंग येतो आणि ओटीचं रसायन मुलांच्या हातात द्यायला नको.

आता आठवीतल्या चाळीस मुलांनी चाळीस घरांचं पाणी तपासलं तर काय होईल, बघा. एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांत वेगळे आकडे येतील. पालिकेची लाइन तीच, मग फरक का? मूल खाली उतरून बघेल. पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत येतं, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत, मग नळाला. तीन ठिकाणी मोजलं तर तीन आकडे. टाकीतल्या गाळाशी, शेवाळाशी क्लोरीनची अभिक्रिया होते आणि तो खर्ची पडतो. काळ्या टाकीत मे महिन्याच्या उन्हात तो आणखी लवकर उडतो. सुट्टीत बंद असलेल्या घरात पाणी दोन दिवस साठलं तर शून्य. एका बाटलीत पाणी ठेवून दर दोन तासांनी मोजलं आणि आलेख काढला तर रेषा सरळ येत नाही, सुरुवातीला झपाट्याने उतरते आणि मग रेंगाळते. पुढे घातांकी ऱ्हास शिकताना हा आलेख ज्याच्या वहीत आहे, त्याला तो धडा अनोळखी वाटणार नाही.

मग नकाशा. घरं नकाशावर मांडायची, आकड्यानुसार रंग भरायचे. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, ती गोष्ट इथे सांगायची, आधी नाही. शून्य आलेल्या घरांमध्ये समान काय आहे? टँकर? लाइनचं शेवटचं टोक? की टाकी वर्षभर धुतलेली नाही? इथे भूगोल आला, नागरिकशास्त्र आलं, आणि भाषाही आली. कारण शेवटी एक पानभर अहवाल लिहायचा आहे, आणि तो सोसायटीचे सेक्रेटरी वाचणार आहेत. 'तुमच्या टाकीत घाण आहे' असं लिहायचं, की 'मुख्य लाइनवर इतका, गच्चीच्या टाकीनंतर इतका, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला' असं लिहायचं? मराठीच्या बाईंनी हा अहवाल तपासला पाहिजे. निबंधाला गुण देण्यापेक्षा हे कठीण आहे आणि जास्त उपयोगाचं आहे.

एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. क्लोरीन आहे म्हणजे पाणी निर्धोक आणि नाही म्हणजे विषारी, असं मुलांनी जाहीर करू नये. जीवाणूंची तपासणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेतच होते. आपल्या मोजमापाने काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही, ही ओळ अहवालात असायलाच हवी. भीती पसरवणारं विज्ञान मुलांकडून घडलं तर जबाबदारी आपली.

पुण्याला पाण्याचा इतिहासही आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावांतून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शहरात आणलं गेलं, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत. पंप नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. ते कशासाठी, हा प्रश्न सातवीच्या मुलांना विचारून पाहा. हवा अडकली तर पाणी का अडतं, गाळ कुठे बसावा, उतार किती ठेवावा, जास्त ठेवला तर काय बिघडेल? पेशवाई शिकवताना लढाया आणि तह यांबरोबर हा नळ शिकवला, तर इतिहासाचे आणि विज्ञानाचे शिक्षक पहिल्यांदा एका टेबलाशी बसतील.

टेबलाशी बसण्यावरूनच शेवटचा मुद्दा. शिक्षक माझ्याशी भांडतात, आणि त्यांचं भांडण रास्त आहे. पस्तीस मिनिटांचा तास. वर्गात साठ मुलं. दहावीला विज्ञानाचे ऐंशी गुण लेखी आणि वीस प्रात्यक्षिकाचे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. यात समस्या घेऊन मुलांमागे फिरायला वेळ कुठून आणायचा? हे वाढीव काम म्हणून शिक्षकाच्या डोक्यावर टाकलं तर ते होणार नाही, आणि होऊही नये. कलबागांनी आठवड्यातला अख्खा एक दिवस मागून घेतला होता. मागितला, मंडळाकडे पाठपुरावा केला आणि मिळवला. सगळ्या शाळांना तेवढा जमणार नाही. पण शनिवारी विज्ञान, गणित आणि भूगोल यांचे तास एकापाठोपाठ लावणं हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. त्याला कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत छापील प्रयोगांबरोबर मुलाने स्वतः केलेल्या एका मोजणीला जागा देता येईल. आणि तोंडी परीक्षेत 'सूत्र सांग' ऐवजी 'हे वाचन तू पुन्हा का घेतलंस' असं विचारता येईल. त्या एका प्रश्नाने कुणी काम केलं आणि कुणी उतरवलं, ते दोन मिनिटांत कळतं.

आज सभागृहात काही मुख्याध्यापक आहेत, म्हणून त्यांच्याकडे थेट मागते. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक तुम्ही मे अखेर आखाल. त्यात आठवीच्या एका तुकडीला शनिवारचे तीन सलग तास द्या आणि तीन विषयांचे शिक्षक त्या वेळी मोकळे ठेवा. पाण्याच्या तपासणीचा खर्च मुलामागे एका वहीच्या किमतीहून फारसा जास्त येत नाही. पहिला अहवाल शाळेच्या स्वतःच्या टाकीचा असू द्या, आणि तो वाचायला शाळा समितीच्या अध्यक्षांना वर्गात बोलवा. मुलं त्यांना विचारतील की टाकी शेवटची कधी धुतली होती. त्यांना खरं उत्तर द्या आणि पुढची धुण्याची तारीख फळ्यावर लिहा. त्या तारखेनंतरच्या शनिवारी मुलांना पुन्हा मोजू द्या.